साथीनंतरचा रोजगार : आकडा भरला, पण कशाने?

ग्रामपंचायतींचे सदस्य, शिक्षक आणि शासकीय अधिकारी या तिघांचाही संबंध नित्य आकड्यांशी येतो. गोषवारे, तक्ते आणि मासिक अहवाल यांत त्यांचे बरेच आयुष्य खर्ची पडते. म्हणूनच कोविड-१९ च्या साथीनंतरच्या रोजगाराचा विषय त्यांच्यापुढे मांडताना आरंभ आकड्यानेच करणे उचित ठरेल. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयातर्फे देशातील श्रमबलाची नियमित पाहणी केली जाते. त्या काळात ती जुलै ते जून असे वर्ष धरून होत असे. तिच्यानुसार पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींत बेकारीचे प्रमाण २०१८-१९ मध्ये ५.८ टक्के होते. २०१९-२० मध्ये ते ४.८ टक्के, २०२०-२१ मध्ये ४.२ टक्के आणि २०२१-२२ मध्ये ४.१ टक्के झाले.

म्हणजे ज्या काळात बाजारपेठा ओस पडल्या, कारखान्यांची दारे बंद झाली आणि लक्षावधी माणसे डोक्यावर बोचकी घेऊन गावाकडे निघाली, त्याच काळात देशातील बेकारी घटली! हा आकडा प्रथम वाचणारा गृहस्थ एकतर चकित होतो किंवा तो खोटा आहे असे म्हणून मोकळा होतो. आकडा खोटा नाही. तो नेमके काय मोजतो, एवढेच पाहावयास हवे.

या पाहणीत माणसाच्या वर्षभरातील नेहमीच्या कामाचा विचार होतो. शहरातील उपाहारगृहात दरमहा पगार घेणारा तरुण काम सुटल्यावर गावी परतला आणि वडिलांच्या दोन एकरांत राबू लागला, तर तो बेकार ठरत नाही. 'घरच्या उद्योगातील विनावेतन मदतनीस' या सदरात त्याची गणना कामकऱ्यांत होते. दोन एकरांचे जे काम पूर्वी तिघे करीत होते, तेच आता चौघे करू लागले. खळ्यावरची रास वाढली नाही, कामकऱ्यांची संख्या मात्र वाढली. जुन्या अर्थशास्त्रज्ञांनी यालाच प्रच्छन्न बेकारी असे नाव दिले आहे. देशातील एकूण कामकऱ्यांत अशा विनावेतन मदतनिसांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये १३.३ टक्के होते, ते २०२१-२२ मध्ये १७.५ टक्क्यांवर गेले. शेतीवर काम करणाऱ्यांचे प्रमाण ४२.५ टक्क्यांवरून २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्के झाले. शेतीतून माणसे हळूहळू कारखान्यांकडे व अन्य व्यवसायांकडे जातात आणि देश पुढे सरकतो, असे शाळेतील पुस्तके शिकवितात. या दोन वर्षांत ती वाट उलटी फिरली.

शहरांत स्थिती निराळी दिसते, कारण शहरात मागे सरकावयास शेत नसते. तेथे चालू आठवड्याच्या कामावरून दर तिमाहीस जी गणना होते, तीत बेकारीचे प्रमाण जानेवारी ते मार्च २०२० मध्ये ९.१ टक्के होते. एप्रिल ते जून या तिमाहीत ते २०.८ टक्क्यांवर चढले. पुढे उतरत गेले, दुसऱ्या लाटेच्या वेळी, म्हणजे एप्रिल ते जून २०२१ मध्ये, पुन्हा १२.६ टक्के झाले आणि २०२३ च्या पहिल्या तिमाहीत ६.८ टक्क्यांपर्यंत आले. तेव्हा एकूण संख्येच्या दृष्टीने गेलेला रोजगार परत आला, हे मान्य केलेच पाहिजे. प्रश्न उरतो तो असा, की कोणाचे काम परत आले, कोणत्या मोबदल्यावर आले आणि कोणाला त्याऐवजी भलतेच काम पत्करावे लागले.

टाळेबंदी आणि परतीची वाट

'टाळेबंदी' हा शब्द महाराष्ट्रातील कामगाराला नवा नव्हता. मालकाने कारखान्यास कुलूप ठोकले, की त्याला तो टाळेबंदी म्हणत आला होता आणि संप व टाळेबंदी या दोन शब्दांभोवती मुंबईच्या गिरणगावाची कितीतरी वर्षे गेली. २४ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून मात्र साऱ्या देशालाच टाळे लागले. घोषणा आणि अंमल यांत जेमतेम चार तासांचे अंतर होते. रोजच्या कमाईवर ज्यांची चूल पेटत होती, त्यांच्यापुढे दुसऱ्या दिवशीच प्रश्न उभा राहिला.

१ मे २०२० पासून रेल्वेने श्रमिकांसाठी विशेष गाड्या सोडल्या आणि त्यांतून ६३ लाखांहून अधिक लोक आपापल्या राज्यांत परतले. त्यापूर्वी आणि त्यानंतरही पायी निघालेल्यांची तर गणतीच नव्हती. ८ मे २०२० रोजी पहाटे औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडनजीक लोहमार्गावर विसावलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडले. जालन्यातील पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे ते निघाले होते. आंतरराज्यीय स्थलांतरित कामगारांच्या नोंदणीचा १९७९ चा कायदा त्या वेळी अमलात होता. परंतु कोणत्या ठेकेदाराकडे कोणत्या गावची किती माणसे आहेत, हे संकटाच्या घडीला सांगू शकेल अशी नोंदवही बहुतेक ठिकाणी सापडली नाही. परतलेली ही माणसे रजेवर गेलेली नव्हती. त्यांची नोकरी मुळात कोणत्याच कागदावर नव्हती, म्हणून ती गेल्याचीही नोंद झाली नाही.

एकाच गावात दोन वाटा

एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे उत्पादन, पहिल्या अंदाजानुसार, आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा २३.९ टक्क्यांनी घटले. बांधकाम निम्म्याहून खाली आले. व्यापार, हॉटेले व वाहतूक यांचा गट ४७ टक्क्यांनी आणि कारखानदारी ३९.३ टक्क्यांनी घसरली. शेती तेवढी ३.४ टक्क्यांनी वाढली. राज्याच्या २०२०-२१ च्या आर्थिक पाहणीतही हेच चित्र होते : एकूण राज्य उत्पन्नात ८ टक्के घट, उद्योगात ११.३ टक्के घट, सेवांमध्ये ९ टक्के घट आणि शेती व संलग्न कार्यांत ११.७ टक्के वाढ असा तिचा पूर्वानुमान होता. पावसाने साथ दिली आणि शेतकऱ्याने राज्याला तारले, असे त्या वेळी म्हटले गेले. ते खरेच होते. पण त्या वाढलेल्या उत्पन्नात वाटेकरीही वाढले होते, हे म्हणावयाचे राहून गेले.

सर्वांत लवकर सावरला तो संगणकाचा व्यवसाय. किंबहुना, तो पुरता आजारी पडलाच नाही. घरी बसून ज्यांना काम करता येत होते, त्यांचा पगार चालू राहिला आणि साऱ्या जगाचे व्यवहार संगणकावर आल्याने त्यांच्या कामाला मागणी वाढली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या एकाच कंपनीच्या नोकरवर्गात २०२१-२२ या वर्षात १,०३,५४६ जणांची निव्वळ भर पडली. पुण्याच्या हिंजवडी परिसरातील अभियंता त्या वर्षी एक नोकरी सोडून अधिक पगाराची दुसरी धरीत होता. त्याच हिंजवडीतील कार्यालयांचे उपाहारगृह, बसगाड्या, सफाई आणि चहाच्या टपऱ्या यांवर जगणारी माणसे मात्र कार्यालये उघडण्याची वाट पाहत होती. अभियंता घरी बसून कमावीत होता, यातच टपरीवाल्याचे नुकसान होते. एकाचे सावरणे आणि दुसऱ्याचे खचणे या येथे दोन वेगळ्या घटना नव्हत्या. अर्थात वरच्या पायरीवरील माणसाचे स्थानही कायमचे नसते. याच कंपनीची नोकरसंख्या २०२३-२४ मध्ये १३,२४९ ने घटली.

भिवंडी हे शहर यंत्रमागांचे म्हणून प्रसिद्ध. कापडाची दुकाने बंद, लग्नसराई बुडालेली आणि कारागीर उत्तर प्रदेश-बिहारात परतलेला, अशा स्थितीत तेथील माग थांबले. त्याच भिवंडीच्या वेशीवरच्या प्रचंड गोदामांत मात्र घरपोच मालाची बांधाबांध वाढत गेली. मागावरचा कसबी कारागीर आणि गोदामात खोकी उचलणारा पोरगा यांची गणना तक्त्यात सारखीच, 'एक कामकरी' अशी होते. कसब वाया गेले, ही गोष्ट कोणत्याच रकान्यात बसत नाही.

मुंबईत तर रोजगाराची किल्ली रेल्वेच्या हाती होती. लोकल गाड्या मार्च २०२० मध्ये थांबल्या, जूनच्या मध्यापासून केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या, १ फेब्रुवारी २०२१ पासून ठराविक वेळांत सर्वांसाठी उघडल्या, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाल्या आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना खुल्या झाल्या. उपनगरांतून शहरात धुण्याभांड्यास येणाऱ्या बाया, फेरीवाले आणि डबेवाले यांच्यासाठी ही केवळ प्रवासाची गैरसोय नव्हती. गाडी नाही म्हणजे काम नाही. डबेवाल्याला तर गाडी सुरू होऊनही उपयोग नव्हता, कारण ज्याला डबा पोचवायचा तो कार्यालयात येतच नव्हता.

शिक्षकवर्गाला आणखी एक उदाहरण जवळचे वाटेल. अनुदानित शाळेतील शिक्षकाचे वेतन चालू राहिले. विनाअनुदानित शाळेतील आणि खासगी शिकवणीवर्गातील त्याच पदवीच्या शिक्षकाचे अनेक ठिकाणी कमी झाले किंवा थांबले. पदवी एक, विषय एक, कधी कधी गावही एक. फरक होता तो नेमणुकीच्या कागदाचा.

मोटार आणि दुचाकी

मिळकतीच्या कोणत्या पायरीवरील माणूस कितपत सावरला, हे विचारून सहसा कळत नाही. तो काय विकत घेतो यावरून थोडेफार कळते. देशात २०१८-१९ मध्ये सुमारे ३४ लाख प्रवासी मोटारी विकल्या गेल्या होत्या. साथीच्या वर्षात, २०२०-२१ मध्ये, ही संख्या २७ लाखांवर आली आणि २०२२-२३ मध्ये जवळजवळ ३९ लाखांवर जाऊन पोचली. मोटार घेणारा वर्ग सावरला, इतकेच नव्हे तर पूर्वीपेक्षा पुढे गेला. दुचाकींचे काय झाले? २०१८-१९ मध्ये २ कोटी १२ लाख दुचाकी खपल्या होत्या. २०२१-२२ मध्ये हा खप सुमारे १ कोटी ३५ लाखांवर आला, २०२२-२३ मध्ये १ कोटी ५९ लाख झाला आणि २०२४-२५ मध्येही १ कोटी ९६ लाखांपर्यंतच आला. सहा वर्षांनंतरही जुनी पातळी गाठली गेली नव्हती. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे निकष आल्याने दुचाकी महागली, हेही यामागील एक कारण आहे आणि ते विसरता कामा नये. तथापि चाकणला मोटारी बनत असोत वा दुचाकी, त्यांचा गिऱ्हाईक कोणत्या थरातील आहे यावर कारखान्याचे आणि त्याच्या सुट्या भागांच्या छोट्या कारखानदाराचे भवितव्य ठरते. खालच्या थराची कमाई सावरली नाही, की त्याचा फटका पुन्हा त्याच थराच्या रोजगाराला बसतो.

स्त्रियांच्या बाबतीत तर आकड्यांचा अर्थ फारच जपून लावला पाहिजे. काम करणाऱ्या वा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये २४.५ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाले. ही वाढ मोठी आणि स्वागतार्ह आहे. परंतु कामकरी स्त्रियांपैकी नियमित पगारावर असणाऱ्यांचे प्रमाण याच काळात २१.९ टक्क्यांवरून १५.९ टक्क्यांवर आले आणि स्वतःच्या वा घरच्या उद्योगात काम करणाऱ्यांचे ५३.४ वरून ६७.४ टक्क्यांवर गेले. यांतील काही जणी बचतगटांतून खरोखरीच उद्योजिका झाल्या असतील. पुष्कळ जणी मात्र घरातील कमाई आटली म्हणून शेतात वा दुकानात हातभार लावू लागल्या आणि त्यांच्या हाती स्वतंत्र पैसा आला नाही.

कोण थांबू शकला?

साथीनंतर मजुरी नेहमी पडतेच असे नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ उघडकीस आली आणि पुढील काही महिन्यांत शहरातील जवळजवळ निम्मी वस्ती बाहेर पडली. गिरण्यांना माणसे मिळेनात. तेव्हा मालकांच्या माणसांनी नाक्यानाक्यांवर उभे राहून मजुरांसाठी बोली लावली आणि महिन्याच्या पगाराऐवजी रोजची मजुरी रोज देण्याची पाळी गिरण्यांवर आली. मजूर दुर्मीळ झाला होता, कारण यंत्रे चालू होती आणि माणूस गावी जाऊन बसला होता. २०२० मध्ये माणूस तसाच गावी गेला, पण यंत्रेही थांबली होती. शहरात मागणी नाही आणि गावात मजुरांची गर्दी, अशा दुहेरी कात्रीत मजुरी सापडली.

अमेरिकेचा अनुभव याहून वेगळा आहे. तेथे मार्च व एप्रिल २०२० या दोन महिन्यांत सुमारे २ कोटी २० लाख नोकऱ्या गेल्या आणि त्यांत हॉटेले, उपाहारगृहे व करमणुकीच्या व्यवसायातील कमी पगाराच्या नोकरांचा भरणा फार मोठा होता. २०२२ च्या मध्यास एकूण नोकऱ्यांची संख्या पूर्ववत झाली. हॉटेल व्यवसायातील मात्र त्यानंतरही बराच काळ मागेच होती. पण तेथील खालच्या पगारांची वाढ वरच्यांपेक्षा वेगाने झाली. याचे एक कारण असे, की काम गेलेल्या माणसास नेहमीच्या बेकारी भत्त्याव्यतिरिक्त जुलै २०२० अखेरपर्यंत आठवड्यास ६०० डॉलर जादा मिळाले आणि २०२१ मध्येही काही काळ ३०० डॉलर मिळत राहिले. मिळेल ते काम त्याच दिवशी पत्करण्याची सक्ती त्याच्यावर नव्हती. तो थोडा थांबू शकला आणि मालकाला पगार वाढवावा लागला. त्या खर्चाने तेथे महागाई वाढली असा आक्षेप घेतला जातो व तो सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. तरीही मजुराच्या थांबण्याच्या शक्तीवर मजुरीचा दर किती अवलंबून असतो, हे त्यातून दिसून आले.

महाराष्ट्राने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला. १९७२-७३ च्या दुष्काळात, मे १९७३ च्या सुमारास, राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेस पैसा कोठून आणावयाचा, याचे उत्तर १९७५ च्या व्यवसाय कराने दिले. शहरातील पगारदाराने गावातील बेकाराच्या कामासाठी थोडा वाटा उचलावा, असा तो विचार होता. आजही दरमहा वेतनातून कापल्या जाणाऱ्या दोनशे रुपयांमागे हा इतिहास आहे, हे कित्येक पगारदारांना ठाऊक नसते. साथीत ज्याचा पगार एक दिवसही थांबला नाही, त्याने ज्याची मजुरी बुडाली त्याच्यासाठी काही द्यावे, याहून न्याय्य कर शोधूनही सापडणे कठीण.

या कायद्याच्याच धर्तीवर २००५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. २०१९-२० मध्ये त्याखाली देशात सुमारे २६५ कोटी मनुष्यदिवस काम निघाले होते. २०२०-२१ मध्ये ते ३८९ कोटींवर गेले आणि साडेसात कोटींहून अधिक कुटुंबांना काम मिळाले. महाराष्ट्रात त्या वर्षी मजुरीचा दर दिवसाला २३८ रुपये होता. ही रक्कम शहरातील गवंड्याच्या मजुरीच्या जवळपासही नव्हती. पण ज्या गावी ग्रामपंचायतीने कामांचा आराखडा आधीच तयार करून ठेवला होता, तेथे विहिरी, बांधबंदिस्ती व फळबागांच्या खड्ड्यांची कामे तत्काळ निघू शकली. जेथे आराखडा कपाटात होता किंवा नव्हताच, तेथे कायद्याची हमी असूनही मागणीचा अर्ज पडून राहिला. राज्याच्या नागरी भागात तर अशी हमी नव्हतीच. धारावीतील वा मालेगावातील कारागिराला खोदावयास शेततळे नव्हते.

नोंदवहीतील नाव

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेचे निर्बंध लागू करताना राज्य शासनाने बांधकाम कामगार, घरकामगार, फेरीवाले आणि रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये देण्याचे जाहीर केले. रक्कम मोठी नव्हती, आणि ती मिळावयाची होती नोंदणीकृतांना. घरेलू कामगारांच्या कल्याणाचा कायदा राज्यात २००८ मध्येच झाला होता. तरी असंख्य घरकामकरणींचे नाव कोठेच नोंदलेले नव्हते किंवा नोंदीचे नूतनीकरण झालेले नव्हते. याउलट १९६९ च्या माथाडी कायद्याखाली मंडळाकडे नोंदलेल्या हमालाला निदान आपण कोण, किती वर्षे काम केले व किती कमाई झाली याचा कागद दाखविता येत होता. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम ही व्यवस्था सुरू केली आणि तीत पुढे तीस कोटींहून अधिक नावे आली. हे काम साथीनंतर झाले. ते आधी झाले असते तर मे २०२० मधील रस्त्यांवरचे चित्र काहीसे वेगळे दिसले असते.

ऊसतोड मजुरांची टाळेबंदीतील कथा बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील श्रोत्यांना सांगावयास नकोच. हंगाम संपत आलेला, कारखान्याच्या आवारात वा फडावर कोपी टाकलेली, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडण्यास मनाई. त्यांच्या परतीची परवानगी एप्रिल २०२० च्या मध्यानंतर निघाली. पुढे २०२१ मध्ये या मजुरांची गावनिहाय नोंद करून त्यांना ओळखपत्रे देण्याचे काम शासनाने ग्रामसेवकांकडे सोपविले. ज्या गावांत ती नोंद मजूर फडावर गेल्यानंतर हाती घेतली जाते, तेथे कुलूप लावलेल्या घरांवरून अंदाजाने नावे लिहिली जातात. दसऱ्यापूर्वी, माणसे गावात असताना, ती पूर्ण करावयाची तर ग्रामसेवकाला दूर जावे लागत नाही. कोणती कुटुंबे कधी गाव सोडतात आणि कधी परततात, याची तारीखवार नोंद गावातील शाळेच्या हजेरीपटात असतेच. मुलाच्या नावापुढील गैरहजेरीच्या खुणा ज्या दिवशी सुरू होतात, त्या दिवशी गाडी फडाकडे निघालेली असते.